सिंहगडाच्या वाटेवर बिबट्या दिसला. शनिवारच्या ग्रुपवर टाकू का?

कातळकडा (शनिवार, सकाळी ११:१०)

गेली अकरा वर्षं दर शनिवारी आतकरवाडीच्या पायथ्यावरून सिंहगड चढतो. पावणेपाचला पायथा सोडायचा, सहाच्या आत पुणे दरवाजा, देवटाक्याचं पाणी प्यायचं आणि उजाडताना उतरायला लागायचं. या वाटेवर ससे, मुंगूस, एकदा उदमांजर, पावसाळ्यात साप, एवढं सगळं पाहिलं आहे. आज पहिल्यांदा बिबट्या पाहिला.

आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा शेजारी. खालच्या ओढ्यातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येत होता. एकदाच भुंकायचं, पाच-सहा सेकंद गप्प, पुन्हा एकदा. वाडीतलं कुत्रं असेल म्हणून लक्ष दिलं नाही. वळणावर हेडटॉर्चचा झोत वर गेला आणि पंधरा-वीस पावलांवर कारवीच्या कडेला दोन डोळे लकाकले. ते हलेनात. मग खांदा दिसला, पाठ दिसली, आणि शेवटी ती लांबलचक शेपूट, टोकाला वर वळलेली. वाट ओलांडून तो वरच्या अंगाला गेला. पाचोळा पडलेला होता, तरी पान वाजलं नाही.

शेजाऱ्याने माझं मनगट धरलं होतं. "पळायचं नाही" एवढंच मी म्हणालो. आम्ही तिथेच उभे राहून मोठ्याने बोलत राहिलो. दहा मिनिटांनी खालून पाच जणांचा गट आला, त्यांच्याबरोबर वर गेलो.

आता प्रश्न असा, की आमच्या शनिवारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे माणसं आहेत. त्यातली निम्मी अंधारात चढतात, काही जण लहान मुलांना घेऊन येतात. त्यांना सांगायला हवंच. पण सांगितल्यावर काय काय होईल तेही दिसतं आहे. तुम्ही काय केलं असतं? आणि या डोंगरावर तुम्हाला कोण कोण भेटलं, तेही लिहा.

(संपादन: विजेच्या कोणत्या टॉवरपाशी, ते आधी लिहिलं होतं. आता काढलं आहे. कारण खाली रानजाई यांनी दिलं आहे.)

रानजाई (शनिवार, सकाळी ११:३२)

आधी एक विनंती, नेमकी जागा काढून टाका. आमच्या घराजवळच्या टेकडीवर दोन वर्षांपूर्वी कुणीतरी असाच फोटो जागेसकट टाकला होता. दुसऱ्या रात्री तिथे तीसेक माणसं मोबाइलच्या टॉर्च घेऊन उभी होती, काही जण तर फटाके घेऊन आले होते. मधे सापडलेला बिबट्या बिथरला असता तर सगळा दोष त्याच्यावर गेला असता.

बाकी तुम्ही केलंत ते अगदी बरोबर केलंत. सविस्तर संध्याकाळी लिहिते.

कातळकडा (शनिवार, सकाळी ११:४०)

काढली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आभार.

खडकवासलेकर (शनिवार, दुपारी १२:०५)

मला तुमच्या शांतपणाचं आश्चर्य वाटतं. शनिवार-रविवारी या गडावर हजारो माणसं येतात. त्यात शाळेच्या सहली असतात, म्हातारी माणसं असतात. वनखात्याला लेखी अर्ज द्या, पिंजरा लावायला सांगा, आणि पकडून लांब ताम्हिणीत नाहीतर कोयनेच्या जंगलात सोडायला सांगा. तिथे त्यालाही खायला मिळेल, इथे माणसंही निर्धास्त राहतील. एखादं मूल उचललं गेल्यावर जागं होण्यात काय अर्थ आहे? माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि मी तिला दर महिन्याला गडावर नेतो, म्हणून मनापासून लिहितो आहे.

डोणज्याचा (शनिवार, दुपारी १:२०)

मी गडाच्या खालच्याच गावचा. माझी आई सत्तावीस वर्षं त्या वाटेवर ताक आन् लिंबू सरबत विकते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचं ताक पिलेलं असणार.

आमच्याकडं त्याला वाघरू म्हणतात. वाघरू आज आलं असं काही नाही, आजोबांच्या येळंपासून आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ वाघजाईचं देऊळ आहे, ते नाव कुणी उगाच ठेवलेलं नाही. आईला तीन वेळा दिसलंय. एकदा पहाटं डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन चढताना समोर आलं. आई जागची हलली नाही, "जा बाबा तुझ्या वाटंनं" म्हणाली, आणि ते गेलं. ही गोष्ट ती आजही हात जोडून सांगते.

पण एक फरक पडलाय तो सांगतो. पूर्वी गडावर कुत्री नव्हती एवढी. आता पार्किंगपास्नं वरपर्यंत कुत्रीच कुत्री. पिठलं-भाकरीच्या खोपटांमागं उष्टं पडतं, भज्यांचे कागद पडतात, लोक बिस्किटं टाकतात. कुत्री वाढली की वाघरू जवळ येणार, कारण त्याला हरणापेक्षा कुत्रं सोपं. आमच्या वाडीतली दोन वासरं गेली मागल्या उन्हाळ्यात. वनखात्याकडनं भरपाई मिळते, पण त्याला लगेच कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो आन् तोवर मेलेलं जनावर जागचं हलवायचं नसतं. हे गावातल्या पुष्कळांना माहीत नसतं म्हणून इथं लिहून ठेवतो.

पिंजऱ्याचं म्हणाल तर आमच्या गावात कुणी मागितला नाही. एक नेला तर दुसरं येणार, हे म्हातारी माणसं सांगतात.

रानजाई (शनिवार, रात्री ८:४५)

डोणज्याचा यांच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं अभ्यासातूनही खरं ठरलं आहे. आणि तो अभ्यास आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

जुन्नर भागात उसाच्या शेतांमुळे बिबट्यांना लपायला जागा मिळाली. २००१ साली तिथले बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. हेतू चांगलाच होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या हल्ल्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. मोहिमेआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. ज्या जंगलांत ते सोडले, त्यांच्या आसपासही हल्ले झाले. २०११ मध्ये हा अभ्यास छापून आला.

कारण समजून घेतलं तर नवल वाटत नाही. बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो. पाणी कुठे आहे, माणसं कुठून कधी जातात, दिवसा दडायचं कुठे, सगळं. पिंजऱ्यात दिवस काढलेला, माणसांच्या गर्दीने भेदरलेला प्राणी अनोळखी जागी सोडला, की तो एक तर तिथल्या वस्तीत शिरतो किंवा घरची वाट धरतो. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या आठवतो का? त्याच्या गळ्यात पट्टा होता, त्यामुळे त्याचा माग राहिला. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला. वाटेत महामार्ग, लोहमार्ग, खाडी, सगळं ओलांडलं. आणि एवढ्या प्रवासात कुणा माणसाला त्याने ओरखडासुद्धा काढला नाही.

आणि मोकळा पडलेला मुलूख रिकामा राहत नाही. तिथे बहुतेक वेळा तरुण, अननुभवी नर येतो, आणि त्याला इथल्या माणसांची सवय नसते. खडकवासलेकर, तुमची काळजी मला पुरती कळते, मलाही मुलगा आहे. म्हणूनच म्हणते की इथली वाट ओळखणारा, माणूस दिसला की बाजूला होणारा बिबट्या आहे तोच राहू द्या. आज सकाळी त्याने काय केलं? वाट ओलांडली आणि निघून गेला.

मुलीला न्या, जरूर न्या. फक्त उजाडल्यावर न्या, आणि तिला पुढे पळू देऊ नका. हात धरून, दोन मोठ्या माणसांच्या मधे चालू द्या. बिबट्याला उंची कळते. वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस आणि लहान मूल त्याला सावजासारखं दिसू शकतं, उभा मोठा माणूस सहसा नाही.

खडकवासलेकर (शनिवार, रात्री ९:३०)

४ चे १७ झाले, हे मला माहीत नव्हतं. अर्ज लिहायला घेतला होता, तो बाजूला ठेवला. पण मग वनखात्याला कळवायचंच नाही का?

रानजाई (शनिवार, रात्री ९:४१)

कळवायचं. १९२६ हा महाराष्ट्र वनविभागाचा नंबर आहे. फक्त "पिंजरा लावा" न म्हणता "दिसला, अमुक वेळी, अमुक दिशेला गेला, एकटा होता" असं सांगायचं. बछडी दिसली असतील तर तेही आवर्जून सांगायचं. त्यांना नोंदी हव्याच असतात.

शनिवारकर (शनिवार, रात्री १०:१५)

कातळकडा, तुम्ही ऐकलेला तो "कुत्र्याचा" आवाज भेकराचा, म्हणजे एका लहान हरणाचा होता. बिबट्या जवळपास असला की ते असं ठरावीक अंतराने ओरडत राहतं, कधी कधी अर्धा-अर्धा तास. दिवसा वानरंही वरच्या फांदीवरून खॅक-खॅक करून एकाच दिशेला पाहत राहतात. हे दोन आवाज ओळखू आले की डोंगर आधीच सांगून ठेवतो.

अंधारात डोळे लकाकले म्हणजे बिबट्याच, असंही नाही. रस्त्यावर बसलेल्या रातवा पक्ष्याचा डोळा तांबडा, निखाऱ्यासारखा दिसतो आणि तो अगदी जमिनीलगत असतो. गवतात हिरवट-निळे बारीक ठिपके चमकतात ते कोळी. गुडघ्याच्या उंचीवर, समोर रोखलेले, जवळजवळ असलेले दोन डोळे न हलता तुमच्याकडे पाहत असतील, तर मात्र थांबा.

औषधी (रविवार, सकाळी ७:५०)

मी डॉक्टर आहे आणि वीस वर्षं सह्याद्रीत फिरते आहे. धागा चांगला चालला आहे, पण एक सांगू का? बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, आणि या डोंगरांवरून माझ्याकडे आलेले रुग्ण मात्र साप, मधमाश्या, माकडं आणि पाय घसरणं यांचे असतात. बिबट्याने जखमी केलेला एकही ट्रेकर मी आजवर पाहिलेला नाही. त्यामुळे सापांबद्दलही कुणीतरी लिहा.

पायरी_पायरीने (रविवार, सकाळी ९:२५)

सापाचा अनुभव माझ्याकडे आहे.

तीन पावसाळ्यांपूर्वी आम्ही मैत्रिणी कल्याण दरवाज्याच्या बाजूने चढत होतो. एका मैत्रिणीने आधारासाठी दगडाच्या कपारीत हात घातला आणि झटक्याने मागे ओढला. बोटावर दोन ठिपके होते. दगडाखाली वेटोळं करून बसलेलं फुरसं होतं, जेमतेम वीतभर-दीड वीत. अंगाला अंग घासून तो करवतीसारखा खर्र-खर्र आवाज करत होतं. एवढ्याशा सापाचं काय, असं आमच्यातल्या एकीला वाटलं होतं.

आमच्यातली एक परिचारिका होती म्हणून निभावलं. तिने आधी अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं, कारण हात सुजणार होता. ओढणी घट्ट आवळायला निघालेल्या दुसरीला तिने थांबवलं. हात लाकडाच्या काटकीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवला आणि चावल्याची वेळ पेनाने त्याच हातावर लिहिली. मैत्रिणीला एक पाऊलही चालू द्यायचं नाही असं ठरलं. वरून उतरणाऱ्या चार अनोळखी मुलांनी तिला आळीपाळीने उचलून खाली आणलं. त्यांची नावं आम्ही विचारलीच नाहीत, याची आजही रुखरुख आहे. एकशेआठला फोन केला, पण तोवर एका गाववाल्याने आपली जीप काढली होती.

रुग्णालयात तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन नुसतं ठेवून दिलं. आम्ही घाबरून विचारत होतो की औषध का देत नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. मग लगेच प्रतिविष सुरू केलं. सहा दिवसांनी ती घरी आली. आज ती पुन्हा डोंगरात येते, पण जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालत नाही.

औषधी (रविवार, सकाळी १०:४०)

तुमच्या परिचारिका मैत्रिणीने केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. वीस मिनिटांची ती चाचणी साधी वाटते, पण घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, ते त्यातून कळतं. काचेची नळी कोरडी आणि स्वच्छ हवी एवढंच.

थोडी भर घालते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. पावसाळ्यात झुडपांवर दिसणारा हिरवा चापडा, म्हणजे बांबू पिट वायपर, या चौघांत येत नाही. त्याचा दंश फार दुखतो आणि सुजतो, पण त्यावर हे प्रतिविष उपयोगी नाही. म्हणून जमलं तर लांबून फोटो काढावा. साप मारून, पिशवीत भरून आणू नका. मेलेल्या सापाच्या डोक्यानेही दंश झाल्याची उदाहरणं आहेत.

चिरा देणं, तोंडाने ओढून काढणं, बर्फ लावणं, आवळून बांधणं, यातलं काहीही करायचं नाही. आणि मण्यारीचं लक्षात ठेवा. तिचा दंश कित्येकदा दुखतच नाही. गडावर मुक्कामाला जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड झाल्या म्हणतो. तेव्हा पित्त समजून थांबू नका.

दोरखंड (रविवार, दुपारी ३:१०)

औषधीताईंनी मधमाश्यांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी कडे चढणाऱ्यांपैकी. माझ्या लेखी सह्याद्रीतला सगळ्यात धोकादायक प्राणी आग्या मोहोळाची माशी. कड्याच्या पोटाखाली, जिथे पाऊस लागत नाही तिथे ही पोळी लटकतात.

एका मोहिमेत आमच्या खालच्या बाजूला कुणीतरी चहासाठी काटक्या पेटवल्या. धूर सरळ कड्याला लागून वर आला. आधी दोन-तीन माश्या आल्या आणि डोक्याभोवती फिरू लागल्या. हा इशारा असतो, तेव्हाच निघायला हवं होतं. एकाने हाताने झटकून एक मारली. तिच्या नांगीतून जो वास सुटतो तो पिकल्या केळ्यासारखा असतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. त्यानंतरची वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. मला चौसष्ट नांग्या लागल्या होत्या, त्या रात्री मोजल्या म्हणून आकडा माहीत आहे. दोरीवर असलेल्या मित्राला हात मोकळे करून तोंडही झाकता येत नव्हतं.

बिबट्या दिसला तर पळायचं नाही, पण माश्या उठल्या तर पळायचंच, हे पक्कं डोक्यात ठेवा. तोंड, नाक आणि डोळे कपड्याने झाका आणि शंभर-दोनशे मीटर तरी लांब जा, शक्यतो दाट झाडीतून. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात. नांगी लवकरात लवकर काढा. नखाने खरवडा नाहीतर चिमटीने ओढा, पण वेळ घालवू नका, कारण ती अंगात राहील तोवर विष सोडतच असते. आणि सिंहगडावर कड्याच्या टोकाला उभं राहून खाली दगड टाकणाऱ्या मुलांना थांबवा. खाली पोळी असतात आणि वाटेवर माणसंही असतात.

औषधी (रविवार, दुपारी ३:३०)

दम लागला, ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, तर नांग्या मोजत बसू नका. एकच माशी चावलेली असली तरी थेट रुग्णालय गाठा.

पवनपुत्र (रविवार, संध्याकाळी ६:००)

मी दर शनिवारी गडावरच्या माकडांना शेंगदाणे आणि केळी देतो. माझ्या वडिलांचा नेम होता, त्यांच्यानंतर मी चालवतो. मारुतीरायाचं रूप म्हणून देतो. त्यात काही चुकत असेल तर सांगा, मला राग येणार नाही.

डोणज्याचा (रविवार, संध्याकाळी ७:१५)

दादा, तुमच्या वडिलांच्या नेमाचा मान राखूनच सांगतो. आईच्या टोपलीतली फळं आता दिवसाला दोनदा लुटली जातात. पूर्वी माकडं झाडावर बसायची, हुर्र केलं की जायची. आता पिशवी दिसली की अंगावर येतात. मागं एका पोराच्या हातातलं कणीस ओढताना त्याच्या मनगटाला चावलं. ती शिकलीत की माणूस म्हणजे खाणं. ज्यानं शेंगदाणे दिले तो घरी जातो, दुसऱ्या दिवशी आईला दगड घेऊन बसावं लागतं.

रानात त्यांना पुष्कळ आहे. उंबर आहे, करवंदं आहेत, जांभळं आहेत. उन्हाळ्यात उंबराखाली बसून बघा, पोटभर खातात.

औषधी (रविवार, संध्याकाळी ७:५०)

माकडाने चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. दंडातली लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. पहिली मोजायची शून्य म्हणून. खोल जखम असेल तर जखमेतही वेगळं औषध द्यावं लागतं.

पवनपुत्र (रविवार, रात्री ९:०५)

डोणज्याचा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना रोज दगड घेऊन बसावं लागतं हे मला कधी दिसलंच नाही. मी सहाला उतरतो आणि जातो. वडिलांचा नेम मोडायचा नाही, म्हणून पुढच्या शनिवारपासून तेवढ्या पैशांची उंबराची आणि करवंदाची रोपं घेईन म्हणतो. लावायची कुठे, ते गावातल्यांना विचारून ठरवू. चालेल का?

डोणज्याचा (रविवार, रात्री ९:२०)

चालंल की. पावसाळा लागू द्या. जमीन वनखात्याची आहे, त्यांना विचारून लावू. खड्डे आम्ही खणून ठेवतो.

नवरंगवेडा (सोमवार, सकाळी ६:४०)

सगळे बिबट्या-सापांत रमले, म्हणून पक्ष्यांसाठी दोन शब्द. गडाच्या पायथ्याची दरी, ज्याला आम्ही सिंहगड व्हॅली म्हणतो, ती पुण्यातल्या पक्षीवेड्यांची शाळा आहे. हिवाळ्यात व्हर्डिटर आणि अल्ट्रामरीन फ्लायकॅचर येतात. स्वर्गीय नर्तकाची ती पांढरी फीत ओढ्यावरून सरकताना पाहिली की दिवस सार्थकी लागतो. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरीआधी, पहाटे आणि तिन्हीसांजेला नवरंगाची दोन सुरांची शीळ येते. आणि पाऊस लागला की ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गातो. मुलगा शाळेला जाताना बेफिकीर शीळ घालत जावा, तसा.

इथे एक मान्य करायचं आहे. काही वर्षांपूर्वी मीही मोबाइलवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला बाहेर काढायचो. तो यायचा, पिसं फुलवून, गळा ताणून. मला वाटायचं तो माझ्यासाठी आला. खरं तर त्याला वाटत होतं की त्याच्या घरात दुसरा नर शिरला आहे. ऐन विणीच्या दिवसांत, पिलांना गांडुळं भरवायची सोडून तो माझ्या फोनशी भांडत होता. एका सकाळी एकाच ओढ्यावर चार जण चार फोन वाजवताना पाहिले आणि फोटो न काढता परत आलो. त्यानंतर कधी वाजवला नाही. आता एका दगडावर तासभर बसतो. कमी दिसतात, पण जे दिसतात ते आपापली कामं करताना दिसतात.

शनिवारकर (सोमवार, सकाळी ८:१५)

+१. रात्री कात्रज ते सिंहगड चालणाऱ्यांनाही हेच सांगावंसं वाटतं. पौर्णिमेला त्या तेरा-चौदा टेकड्यांवरून शंभर-शंभर जण स्पीकर लावून जातात. मी स्वतः सहा वेळा चाललो आहे. गाणं बंद ठेवून चाललं की रातव्याचा तो ठोके मारल्यासारखा आवाज कात्रजपासून घाटरस्त्यापर्यंत सोबत करतो.

खडकवासलेकर (सोमवार, दुपारी १:००)

पण मग आपसात बोलतसुद्धा नाही चालायचं का? वर तर म्हटलंत की बिबट्यासाठी बोलत राहावं.

शनिवारकर (सोमवार, दुपारी १:२५)

बोला ना, साध्या आवाजात, काठी वाजवत. त्याला दोनशे पावलांवरून कळतं की माणसं येत आहेत आणि तो बाजूला होतो. स्पीकर लावला की आपल्यालाच भेकर ऐकू येत नाही, आणि कानात बोंडं घालून चढणाऱ्यांचंही तसंच.

कातळकडा (पुढचा शनिवार, दुपारी १२:३०)

सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो.

रविवारीच १९२६ वर कळवलं. त्यांनी वेळ, दिशा, एकटा होता का, एवढं विचारून नोंद घेतली. ग्रुपवर बिबट्याचा फोटो, जागा, काही टाकलं नाही. एवढंच लिहिलं, की सहाच्या आधी चढायचं नाही, मुलं मधे ठेवायची, कानात काही घालायचं नाही, वर काही खायला टाकायचं नाही आणि खालचा कचरा खाली आणायचा. अर्थात लोकांनी विचारलंच, "का हो, काय झालं?" मी लिहिलं, "डोंगरात बिबट्या आहे. पूर्वीपासून आहे." चाळीसेक जणांनी काळजीचे निरोप पाठवले, दोघं ग्रुप सोडून गेले. बाकीचे आज सहा वाजता पायथ्याला हजर होते. खडकवासलेकर मुलीला घेऊन आले होते, ओळख झाली.

निघेपर्यंत डोणज्याचा यांच्या आई ताकाचा हंडा घेऊन आल्या. त्यांच्याबरोबरच चढलो. त्या जागी आल्यावर मी काहीच बोललो नव्हतो, पण मावशीच थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, हितंच ना?" मी मान हलवली. त्यांनी वाटेच्या कडेची मऊ माती दाखवली. चार बोटं, मागे तीन गोलाईंचा तळवा, नखांची खूण नाही. पंजा आदल्या रात्रीचा असावा, कडा अजून शाबूत होत्या. त्याच्यावर एका बुटाचा अर्धा ठसा उमटलेला होता, आमच्या आधी कुणीतरी चढून गेलेलं. खडकवासलेकरांच्या मुलीने उकिडवं बसून त्यावर हात ठेवून पाहिला. वडिलांनी लगेच दंड धरून तिला उभं केलं.

"माझ्या हाताएवढाच आहे," ती म्हणाली.

मावशींनी हंडा सावरला आणि चढायला लागल्या.